बाणपाखराची ओळख

फार पूर्वी, अंगावरचं कापड जेव्हा आपापल्या गावातच विणलं जायचं, तेव्हा नदीकाठी विणकरांचं एक गाव होतं. त्या गावात एक लांब आळी होती. प्रत्येक घराच्या पुढच्या खोलीत माग आणि मागच्या बाजूला परस. परसात एखादा आंबा, नाहीतर चिंच, आणि त्या झाडाखाली बांबूच्या घोड्यांवर ताणून ठेवलेलं सूत, म्हणजे ताणा.

सूत मागावर चढवण्याआधी त्याला तांदळाची खळ लावावी लागे. खळीने धागा ताठ होतो आणि विणताना तुटत नाही. हे काम बायका करत. कुंचा खळीत बुडवायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हलक्या हाताने ओढत न्यायचा. याला पांजणी म्हणत. पांजणी उन्हाळ्यातच व्हायची, कारण खळ वाळायला कोरडी हवा लागते.

पण उन्हाळा आला की किडेही यायचे. चिलटं, केमरं, पंख फुटलेल्या मुंग्या. खळीच्या आंबूस वासावर ती थव्याने उतरायची. किडा ओल्या सुतावर बसला की चिकटलाच. काढायला जावं तर धाग्याचा तंतू निघून येई, ठेवावा तर डाग पडे आणि पुढे मागावर नेमका तिथेच धागा तुटे. धूर करावा तर रंगावर काजळी धरायची. वर कापड पांघरावं तर तेच खळीला चिकटून बसायचं. माणसाच्या हातात फारसं काही नव्हतं.

जे होतं ते पाखरांच्या चोचीत होतं. दर उन्हाळ्यात त्या आळीत बाणपाखरं यायची. काळं तुऱ्याचं डोकं, वीटकरी अंग, आणि नराला त्याच्या अंगापेक्षा कितीतरी लांब शेपूट, सुटलेल्या बाणासारखं. मादीचं शेपूट आखूड. ही जोडी झाडावर घरटं करायची आणि दिवसभर हवेतल्या हवेत किडे टिपायची. ताणा पसरलेला असला की त्यांची मेजवानी आणि बायकांची सुटका.

एका परसात एकच जोडी राहायची आणि बहुधा दरवर्षी तिथेच परत यायची. म्हणून आळीत आपापलं पाखरू ओळखायची रीत होती. चैत्र संपत आला की बायका एकमेकींना विचारायच्या, "तुमचा तांबडा आला का?" आला असेल तर सांगणारीच्या आवाजात जरा तोरा असायचा.

या रीतीला जोडून आणखी एक रीत होती. कधीकधी एखाद्या परसात तांबड्याऐवजी पांढरा नर यायचा. डोकं तसंच काळं, शेपूट तसंच लांब, पण अंग दुधासारखं पांढरं. आळीतले लोक म्हणत, हा उपरा. हा तांबड्याला मारून हाकलतो आणि त्याची जागा बळकावतो. नाहीतर पांढरा आला की तांबडा दिसेनासा का होतो? हे कोणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण ठाऊक सगळ्यांना होतं. म्हणून पांढरा दिसला की आळीतल्या बायका त्या परसात जमायच्या आणि घरची सून पितळी थाळी वाजवून त्याला पळवून लावायची. मग कधी आठवड्याने, कधी पुढच्या वर्षी, त्या परसात पुन्हा एखादा तांबडा यायचा. बायका म्हणायच्या, "बघा, पांढरा गेला आणि आपला परत आला."

त्या आळीतल्या एका घरात म्हातारा विणकर, त्याची बायको, मुलगा, सून आणि मथू नावाची लेक अशी माणसं होती.

ही सून फार दचकायची. भांडं पडलं की दचकायची, मागून कोणी हाक मारली की दचकायची, स्वतःच्याच बांगडीचा आवाज झाला तरी एकदा वळून बघायची. आणि किडे म्हणजे तर तिचा जीवच जायचा. लग्नानंतरच्या पहिल्या पांजणीला तिच्या मानेवर एक नाकतोडा बसला. तिने कुंचा जो भिरकावला तो थेट सासूच्या केसांत. सासू खळीने माखलेली तशीच उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "सूनबाई, पांजणी सुताची करायची असते."

आळीने ते वर्षभर सांगितलं.

पण त्याच उन्हाळ्यात एक गंमत झाली. माणूस दचकलं की पाखरू उडून जातं. या परसात उलटं व्हायला लागलं. सून दचकली की तिचा धक्का बांबूला लागायचा, ताणा थरथरायचा आणि त्यावर घिरट्या घालणारी चिलटं भस्सकन वर उडायची. नेमकं तेव्हाच तांबडं बाणपाखरू फांदीवरून सुटायचं आणि त्या घोळक्यातून आरपार निघून जायचं. थोड्याच दिवसांत पाखराने हिशेब ओळखला. ते फांदीवर बसायचं सोडून तिच्या उजव्या खांद्याजवळच्या बांबूच्या टोकावर येऊन बसू लागलं आणि मान तिरपी करून तिच्याकडे बघू लागलं. ती बराच वेळ दचकली नाही की खरखरीत आवाजात ओरडायचं.

मथू हसून म्हणायची, "वहिनी, तो खोळंबलाय. दचक की जरा."

"तुला सुचतंय गं. माझ्या छातीत धडधडतं त्याचं काय?"

"तुझी धडधड आणि त्याचं जेवण. चांगला संसार आहे."

पुढच्या उन्हाळ्यात ते पाखरू परत आलं तेव्हा सुनेने त्याला रंगावरून ओळखलं नाही. तांबडे तर सगळेच होते. ती कुंचा घेऊन उभी राहिली, काहीतरी खुट्ट झालं, ती दचकली, आणि पाखरू उडून जायच्या ऐवजी तिच्या खांद्याशी येऊन बसलं. त्यापुढच्या वर्षीही तसंच. तिला मनातून फार बरं वाटायचं. या घरात तिच्या भित्रेपणाला सगळे हसत होते. त्या भित्रेपणावर भरवसा ठेवणारं ते एकटंच होतं.

मग मथूचं लग्न ठरलं.

विणकराच्या लेकीने लग्नात आपल्या घरच्या मागावरचं पिवळं लुगडं नेसायचं, हा त्या गावचा मान होता. दुसऱ्याच्या मागावरचं नेसून गेलेल्या मुलीला सासरी जन्मभर ऐकावं लागे, की तुझ्या बापाच्या हाताला तुझ्यापुरतंही सूत जमलं नाही. म्हाताऱ्या विणकराने वर्षभर चांगलं बारीक सूत बाजूला काढून ठेवलं होतं. ते हळदीसारखं पिवळं रंगवून झालं. तेवढंच सूत होतं. पुन्हा मिळवायचं म्हटलं तर पुढचा हंगाम बघावा लागला असता.

आणि पिवळा रंग म्हणजे चिलटांना आमंत्रणच. पांढऱ्या सुतावर एक बसलं तर पिवळ्यावर दहा.

"तांबडा आला की ताणा बाहेर काढू," सासू म्हणाली. ती रोज सकाळी आंब्याकडे बघायची. शेजारच्या बनाकाकूचा तांबडा आला. पलीकडच्या घरचा आला. यांचा आंबा रिकामाच होता. वैशाख लागला. लग्नाचा दिवस जवळ यायला लागला. मथू पाणी भरायला जाताना वर झाडाकडे एकदा बघायची.

शेवटी एका सकाळी सासूने थोडासा ताणा बाहेर काढला आणि सुनेला म्हणाली, "बघ, वाऱ्याने किडे कमी आहेत का ते. हात चालव. जमेल तेवढं उरकू."

सून कुंचा फिरवत होती. चिलटं तिच्या डोळ्यांत, नाकात, ओठांवर येत होती. ती श्वास धरून काम करत होती. तेवढ्यात छपरावरून मांजराने उडी टाकली. सून दचकली, बांबूला धक्का लागला, चिलटं वर उडाली, आणि आंब्यातून काहीतरी पांढरं सपकन त्यांच्यातून गेलं.

ती वळून बघते तो उजव्या खांद्याजवळ, बांबूच्या टोकावर, पांढरं बाणपाखरू.

ते मान तिरपी करून तिच्याकडे बघत होतं.

सुनेने कुंचा खाली ठेवला. तिने मुद्दाम बांबूला हात मारला. चिलटं उडाली. पाखराने तीन-चार टिपली आणि परत त्याच जागी येऊन बसलं. ती काही करेना तेव्हा ते ओरडलं, तसंच, त्याच खरखरीत आवाजात. वर आंब्यावर आखूड शेपटीची मादी तंतू चोचीत धरून बसली होती.

सून आत धावली. "आत्याबाई, तो आलाय. आपला आलाय. पण रंग बदलून आलाय."

सासू बाहेर आली आणि तिने कपाळाला हात लावला. "अगं हा पांढरा आहे."

"हो, पण तोच आहे. मी दचकले तर जवळ आला बघा. दुसरा कोणी असता तर…"

"सूनबाई, तुला डोळे आहेत ना? तांबडा कुठे, पांढरा कुठे. पाखराने काय रंगाऱ्याकडे टाकलं होतं अंग?"

बनाकाकूचं परस भिंतीपलीकडेच होतं. तिने भिंतीवरून डोकावून पाहिलं आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं मथूच्या आई, उपरा घुसला ना गं तुझ्या परसात. म्हणून तुझा तांबडा यायचा थांबलाय. आणि तुझ्या घरी तर लग्नाचं पिवळं सूत आहे. आज त्याला पळव, म्हणजे चार दिवसांत तुझा येईल."

बघता बघता परसात बायका जमल्या. कोणी कडेवर मूल घेऊन, कोणी हाताचं पीठ तसंच ठेवून. कोणीतरी पितळी थाळी आणि पळी सुनेच्या हातात दिली.

एवढी माणसं आपल्याकडे बघतात हेच तिला सहन व्हायचं नाही. ती हळू आवाजात सासूला म्हणाली, "आत्याबाई, थोडं थांबू या का?"

"कशाला थांबायचं?" बनाकाकूने विचारलं. "तुझी ओळख आहे का त्याच्याशी? असेल तर सांग. आम्ही जातो परत."

दोघी-तिघी हसल्या. एक म्हणाली, "माहेरचा असेल तिच्या."

मथू दाराशी उभी होती. ती हसली नाही. ती सुनेकडे बघत होती, आणि नुसतं बघत होती असं नाही, थांबली होती. सुनेने काहीतरी म्हणावं म्हणून थांबली होती.

सुनेला ठाऊक होतं. जिभेवर आलं होतं, की हा आमचाच आहे, मला याची खात्री आहे. पण तिला वाटलं, आपण कोण? आपण सावलीला घाबरणारी बाई. एवढ्या जणींनी पिढ्यान्‌पिढ्या जे पाहिलं ते खोटं आणि आपलं एकटीचं खरं, असं कसं असेल? आणि आपलं चुकलं, आणि खरंच याच्यामुळे मथूचं सूत वाया गेलं, तर?

"नाही," ती म्हणाली. "ओळख कुठली."

आणि तिने थाळी वाजवली.

आवाजाने ताण्यावरची सगळी चिलटं एकदम वर उडाली. आणि पाखरू पळालं नाही. ते जवळ आलं. थाळी वाजत होती, किडे उडत होते, आणि ते तिच्या डोक्याभोवती गिरक्या घेत किडे टिपत होतं, जणू इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच मनापासून दचकून दाखवलं होतं. मध्येच ते बांबूवर टेकलं आणि मान तिरपी करून तिच्याकडे बघितलं.

"निर्लज्ज आहे मेला," कोणीतरी म्हणालं. "हलत नाही बघ."

सुनेचा हात थांबला. मग सासूने कोपऱ्यातली लांब काठी उचलली आणि फिरवली. काठीचं टोक पाखराच्या पंखाला लागलं. ते जमिनीलगत खाली गेलं, कसंबसं सावरलं, भिंतीवरून पलीकडे गेलं आणि नदीच्या दिशेने दिसेनासं झालं. दोन पांढरी पिसं पिवळ्या सुतावर पडली आणि ओल्या खळीला चिकटली.

मादी दुपारपर्यंत आंब्यावर बसून होती. नंतर तीही दिसली नाही.

चार दिवस गेले, आठ गेले. तांबडा आला नाही. कोणीच आलं नाही. आता लग्न तोंडावर आलं होतं, म्हणून सासूने सगळा ताणा बाहेर काढला. पांजणी सुरू झाली आणि चिलटं उतरली. सून एका बाजूने आणि मथू दुसऱ्या बाजूने सुपाने वारा घालत होत्या. दंड भरून आले. वाऱ्याने धूळ उडाली, ती वेगळीच. एक दिवस हवा पडली, पाऊस येणार असल्यासारखं कोंदट झालं, आणि नदीकडून पंखवाल्या मुंग्या आल्या. संध्याकाळपर्यंत पिवळ्या सुतावर काळे ठिपके ठिपके झाले.

म्हाताऱ्या विणकराने ते सूत मागावर चढवून पाहिलं. चार बोटं विणलं नाही तोच धागा तुटला. जोडला, पुन्हा तुटला. तो दिवसभर मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसून राहिला. संध्याकाळी उठला आणि नदीवर जाऊन हातपाय धुऊन आला.

मथूने लग्नात बनाकाकूच्या मागावरचं लुगडं नेसलं. बनाकाकूने ते चांगल्या मनानेच दिलं होतं. पण पंगतीत नवऱ्यामुलाच्या आत्याने काठ हातात घेऊन निरखला आणि विचारलं, "हे तुमच्याकडचं का?" म्हातारा विणकर वाढत होता. त्याने मान खाली घातली आणि पुढच्या पानाकडे गेला.

निघायच्या वेळी मथू सुनेच्या गळ्यात पडली नाही. तिने तिला परसात बोलावलं.

"वहिनी, एक विचारू? तो आपलाच होता का?"

सून म्हणाली, "हो."

"तुला तेव्हा ठाऊक होतं?"

"हो."

"मग?"

"सगळ्या बघत होत्या गं."

मथू म्हणाली, "मीपण बघत होते," आणि बाहेर गेली. बैलगाडी जोडलेलीच होती.

ते वर्ष सुनेला फार जड गेलं. कोणी तिला काही बोललं नाही, कारण कोणाला काही ठाऊकच नव्हतं. सगळे म्हणत, उपऱ्याने घात केला, जाताना तांबड्यालाही घेऊन गेला. ती ऐकत राहायची. आता तिला किड्यांची भीती तेवढी वाटत नव्हती. किडा अंगावर बसला तर ती त्याला बसू द्यायची.

पुढचा उन्हाळा आला. सुनेचा आंबा रिकामाच राहिला. ती भल्या सकाळी एकटीच पांजणी करायची, किडे उठायच्या आत.

एक दिवस भिंतीपलीकडून गलका ऐकू आला. बनाकाकूच्या परसात पांढरा आला होता. बायका जमल्या होत्या. बनाकाकूची सून थाळी घेऊन तयार होती.

इकडे मथूच्या वहिनीने कुंचा तसाच खळीत टाकला आणि ती पदर सावरत बनाकाकूच्या परसात शिरली. तिचा आवाज कापत होता.

"थांबा," ती म्हणाली. "वाजवू नका."

बनाकाकूने वळून पाहिलं. "का गं? काय झालं?"

"आधी तो काय करतो ते बघू या."

"काय करणार? पांढरा आहे, दिसत नाही का तुला?"

"रंग नका बघू काकू. तुमचा तांबडा होता, तो काय करायचा ते आठवा." तिने थाळीवर हात ठेवला. "गेल्या साली आमच्याकडे आला होता तो उपरा नव्हता. तो आमचाच होता. मी त्याला ओळखलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणाले. मथूचं लुगडं त्याने नाही घालवलं. मी घालवलं."

सासू मागोमाग आली होती. तिने हे ऐकलं.

"हिला ऊन लागलंय," एक जण म्हणाली.

"लागलं असेल," सून म्हणाली. "तरी थोडं थांबा. एवढंच मागते. मग वाजवा हवी तर."

कोणी कधी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या आश्चर्यानेच बायका थांबल्या. चिंचेवरचं पांढरं पाखरू खालच्या फांदीवर आलं. इकडे तिकडे बघितलं. मग ते न्हाणीच्या दगडाजवळच्या घंगाळाकडे झेपावलं, पाण्यात डुबकी मारून वर उठलं, पुन्हा झेपावलं, पुन्हा उठलं, आणि निथळत बनाकाकूच्या वाळत घातलेल्या चोळीवर जाऊन बसलं. तिथे बसून त्याने पंख झाडले. चोळीवर पाण्याचे शिंतोडे उडाले.



"हे तर…" बनाकाकू म्हणाली. "हे तर माझ्या तांबड्याचं खूळ. रोज दुपारी न्हायचा आणि माझी चोळी ओली करायचा. मी शिव्या घालायची त्याला." ती दोन पावलं पुढे गेली. पाखरू हललं नाही. "अरे, तू कधी झालास असा पांढरा?"

"वय झालं की होत असतील," सून हळूच म्हणाली. "आपले केस होतात तसे."

बनाकाकू त्या पाखराकडे बघत राहिली. तिने स्वतःच्या डोक्यावरचा पदर नकळत पुढे ओढला. मग ती सगळ्यांकडे वळली आणि एखाद्या लहान मुलीने विचारावं तसं तिने विचारलं, "म्हणजे मी सून म्हणून आले तेव्हा जो हाकलला तो… आणि त्याच्यानंतरचा… ते सगळे आपलेच होते का गं? आपलेच परत यायचे, आणि आपण त्यांना?"

प्रत्येकीला आपापलं काहीतरी आठवत होतं. एकीने कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. एक म्हातारी भिंतीला धरून खाली बसली. बनाकाकूच्या सुनेने थाळी घरात नेऊन ठेवली, आणि एकेक करून सगळ्या आपापल्या परसात गेल्या.

सून आणि सासू घरी आल्या. सासूने पाण्याचा तांब्या भरला, पण ती प्यायली नाही. तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, "काठी तर मी मारली होती."

मग तिने सुनेकडे वळून विचारलं,

"तू तेव्हा सगळ्यांदेखत सांगितलं असतंस, तर मी ऐकलं असतं का गं?"

सुनेने खरं तेच सांगितलं. "नसतं ऐकलंत, आत्याबाई."

"मग कशाला एवढं लावून घेतेस?"

"तुम्ही ऐकलं नसतं तर ते तुमच्याकडे राहिलं असतं," सून म्हणाली. "मी बोललेच नाही. त्यामुळे ते माझ्याकडे राहिलं."

त्यानंतर त्या आळीत पांढऱ्या पाखरावर कोणी थाळी वाजवली नाही. ज्यांच्या परसात पाखरं म्हातारी होईपर्यंत येत राहिली, त्यांचं सूत स्वच्छ राहिलं. सुनेच्या घरच्या आंब्यावर मात्र तो पांढरा पुन्हा कधी आला नाही. सून दर चैत्रात वर बघायची. कितीतरी वर्षांनी एक तरणा तांबडा तिथे आला, पण ती दचकली तेव्हा तो घाबरून उडून गेला, आणि त्याची ओळख तिला पहिल्यापासून करून घ्यावी लागली.

तात्पर्य: ज्याला आपण मनात ओळखलं आहे, त्याला चारचौघांतही ओळख द्यावी. लोक ऐकतील की नाही हे त्यांच्यावर असतं, पण बोलायचं की नाही हे आपल्यावर असतं, आणि आपण गप्प राहिलो तर मार त्यालाच बसतो.